मवाळ चेहऱ्यामागचं धोतर

वडील गेले. भिंतीवर लावायला मुखेडच्या स्टुडिओतला, कमरेपर्यंतचा एकच फोटो सापडला. जन्मभर खेकसणारा माणूस त्यात इतका मवाळ कसा, हे मला कळेना. उजेडाचीच करामत असावी म्हणून मी फोटो निरखत बसलो. उजेड एकाच बाजूच्या खिडकीतून आलेला दिसत होता, तरी दुसऱ्या गालावर सावली नव्हती. म्हणजे उजेड परतून गालावर पडावा म्हणून त्या बाजूला कुणीतरी पांढरं कापड धरलेलं असणार.

"तुह्या बापाचंच धोतर," आई म्हणाली. "लाईट गेली व्हती. फोटोवाला म्हणला, पांढरं काहीबी धरा. मीच धरलं."

"आणि बाबा?"

"बसले की पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर, पोरीवाणी लाजून!"

तेराव्याला पाहुणे "काय सात्त्विक चेहरा!" म्हणत हात जोडत होते. आईनं तोंडाला पदर लावला. मी उठून फोटोवरचा हार उगीचच जरा खाली ओढला.