तांदळात ठेवलेली डिस्क

अन् तरी तू डिस्क तांदळात ठेवलीच.

फोनवर ओरडून सांगितलं होतं, दादा. मोबाईल वेगळा, हार्ड डिस्क वेगळी. तांदळात नोको टाकू.

"काऊन? आपल्या गोंदियाच्या तांदळावर भरोसा नाही का तुले?"

तू हासून राहिला होता. माझं डोकं तापलं होतं.

आज वर्ष झालं दादाले जाऊन. सिकलसेलच्या आजारानं नेला.
माझं भांडण तसंच राहिलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दादा आमगावले लग्नाची शूटिंग करे. उन्हाळ्यात कूलरचं पाणी कॉम्प्युटरवर सांडलं. यानं डिस्क काढली, तांदळाच्या कोठीत पुरली, अन् कोंड्यासकट परत जोडली.

कट कट आवाज आला. तरी दिवसभर चालू-बंद, चालू-बंद.
मग मले कुरिअर केली.

मी हैदराबादले, डिस्क रिपेअरच्या दुकानात. आठवी नापास. जे येते ते इथंच शिकलो.

त्या डिस्कमध्ये दवनीवाड्याच्या एका ताईचं लग्न होतं. दुसरी कॉपी नाही. दादानं तिच्या बाबूजीकडून पूर्ण पाच हजार आधीच घेतले होते, अन् शब्द दिला होता, "पुरी शूटिंग देईन, नाही त पैसे वापस."

शेवटचा फोन दवाखान्यातून.
"निघालं का रे काही?"
"निघते दादा. तू झोप."

काहीच निघून राहिलं नव्हतं.

तो गेला. मी डिस्क कपाटात टाकली. पाहू वाटे ना.

मागच्या महिन्यात त्या ताईचा फोन आला. तिचे बाबूजी वारले.
"भाऊ, पैशाचं जाऊ द्या. बाबूजी दिसतात का, तेवढं पाहा न जी."

पुन्हा जोडली. कॉम्प्युटर अन् डिस्कच्या मधात एक ड्रायव्हर असते. निरोप्याच समजा. तो डिस्कले म्हणते, एवढा माल दे. आमचा निरोप्या मोठा गठ्ठा मागे. गठ्ठ्यात एक जागा खराब निघाली की सगळा गठ्ठा रिकामा वापस. मग पुन्हा तोच मागे. पुन्हा तोच.
स्क्रीनवर एकच नंबर, एकच एरर. अन् डिस्क घासून राहिली.

थेट माझा दादा. नाही म्हटलेलं समजतच नाही.

दुकानाचे अण्णा मागं येऊन उभे राहिले. "एकीच जगा पे कायकू अड़ रा रे? थोड़ा थोड़ा मांग. नै मिला तो छोड़ के आगे जा."

त्यांनी ड्रायव्हरमध्ये बदल करून दिला. लहान लहान मागायचं. नाही आलं तर हट्ट नाही, पुढं जायचं. मागं राहिलेलं शेवटी, एकदाच विचारायचं.

डिस्क बोलू लागली.

मंडप आला. पांढऱ्या साडीतली ताई आली. भंतेजी आले.
मग तिचे बाबूजी. फेटा बांधलेले, तोंड पाडून बसलेले.

अन् कॅमेऱ्याच्या मागून आवाज.

"काकाजी, जरा हासा न जी! पोरगी चालली, धानाचं वावर नाही चाललं!"

बाबूजी हासले.

मी हेडफोन काढून बाहेर जाऊन उभा राहिलो.

जिंदगीभर दुसऱ्याचे फोटो काढले त्यानं. त्याचा स्वतःचा एक व्हिडिओ नाही आमच्याकडे. आवाज होता, तो त्या कोंड्यात पडून होता.

बिदाई नाही निघाली. तेवढ्या जागेवर डिस्क पार घासली आहे. अण्णा म्हणे, अब छोड़.

ताईले फाईल पाठवली. ती फोनवर रडली. म्हणे, "बाबूजी हासले, झालं माझं. पैसे नको भाऊ, खरंच नको."

पण दादा, तू "पुरी शूटिंग" म्हटलं होतं. पुरी नाही झाली.

हट्ट सोडायचा तो ड्रायव्हरनं. तुह्या शब्दाचा हट्ट मी नाही सोडत.

जयभीम दादा. आता नीट झोप.

ताईच्या खात्यावर आज तुह्या नावानं पाठवून राहिलो. पाच हजार रुपये.