ल्युटेशिअम आणि पहिलं बाळंतपण

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. लेक दादरला आमच्याकडे राहायला आली तेव्हा अळीव, डिंक, बाळंतशेपा सगळं डब्यांत भरून तयार होतं आणि माझ्या जुन्या मऊ साड्यांची दुपटीही शिवून झाली होती. आणि नेमकी तेव्हाच परळच्या इस्पितळातून माझी तारीख आली.

मला स्वादुपिंडात गाठ आहे. हळू वाढणारी, पण यकृतापर्यंत जाऊन बसलेली. तिच्यासाठी एक औषध शिरेतून द्यायचं होतं, दोन-दोन महिन्यांच्या अंतराने चार वेळा. डॉक्टर माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची मुलगी. तिने औषधाचं नाव सांगितलं आणि मी खुर्चीत सरळ झाले.

"ल्युटेशिअम? एकाहत्तर नंबर?"

"तुम्ही केमिस्ट्री शिकवत होता का?" असं विचारून तिने मला तिथल्या तिथे "बाई" म्हणायला सुरुवात केली.

आवर्तसारणीच्या तळाशी दोन ओळी बाजूला काढून ठेवलेल्या असतात. त्यातली वरची ओळ दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांची. परीक्षेत त्यांच्यावर फारसं काही येत नाही, त्यामुळे दर वर्षी मी "यांचं पुढे कॉलेजात बघा" म्हणून डस्टर उचलायचे. त्या ओळीतलं अगदी शेवटचं मूलद्रव्य आता माझ्या अंगात शिरणार, याचं मला हसू आलं. भीती होतीच, पण हसू आधी आलं.

मग तिने अट सांगितली. औषध किरणोत्सारी, म्हणून निदान दोन आठवडे गरोदर बाई आणि लहान मूल यांच्यापासून लांब राहायचं. माझं हसू तिथेच संपलं. डोस पुढे ढकलता येईल का, असं मी तीन निरनिराळ्या प्रकारे विचारून पाहिलं. "तुमची गाठ थांबणार आहे का, बाई?" ती म्हणाली. शाळेत मी असंच कुणाला तरी गप्प केलं असेल.

म्हणजे घरात एक तर लेक राहील, नाही तर मी. आणि या पेचातून सुटका करायला कोण धावून आलं, तर माझ्या मोठ्या नणंदबाई. वन्सं गिरगावात एकट्या राहतात. लग्न केलं नाही, सचिवालयात नोकरी केली आणि भाच्यांवर हक्क गाजवला. माझ्या हातचे कानवले त्यांना कधी खुसखुशीत लागले नाहीत. माझ्या बिरड्यात त्यांना नेहमी नारळ कमी लागतो. त्या आल्या, माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तू बाहेर बसणार. बरं. पोरीला मी नेते."

"वन्सं, हे तसलं नाही."

"कळतं मला. लांब बसायचं, शिवायचं नाही, ताट वेगळं. आम्ही काय कमी वेळा बसलोय?"

अळिवाचा डबासुद्धा त्या घेऊन गेल्या. लेकीचं जाणं मी समजून घेतलं, पण डब्याचं मनाला फार लागलं.

डोस झाला. जाड भिंतींच्या खोलीत एकटी पडून मी सलाईनकडे बघत राहिले. ना रंग, ना वास. दुसऱ्या दिवशी मोजमाप करून त्यांनी मला घरी सोडलं आणि आतल्या खोलीत माझं वेगळं राज्य सुरू झालं. उरलेलं औषध लघवीतून बाहेर पडतं, म्हणून भरपूर पाणी प्यायचं आणि दोनदा फ्लश करायचं. आमचे हे दाराबाहेर उभे राहून दर वेळी विचारायचे, "दुसऱ्यांदा केलंस?" इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याकडे एवढं लक्ष कधी दिलं नव्हतं.

आणि पाचव्या दिवशी सकाळी खाली टॅक्सी थांबली. गॅलरीतून बघते तर आधी वन्सं उतरल्या आणि मागून पोट सांभाळत माझी लेक.

"वर येऊ नका!" मी दुसऱ्या मजल्यावरून ओरडले.

वन्संनी कपाळावर हात धरून वर पाहिलं. "अगं, आज पाचवा दिवस. डोक्यावरून न्हायलीस ना?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. वन्संनी विटाळाचे चार दिवस मोजले होते, आणि मी आता न्हाऊनमाखून मोकळी झाले असं समजून नववा महिना लागलेल्या पोरीला टॅक्सीत घालून आणलं होतं. तेही प्रेमाने, आईला लेक भेटावी म्हणून. माझं डोकं मात्र असं काही फिरलं की मी वर्गातला आवाज काढला.

"वन्सं, हे आंघोळीने जात नाही! ल्युटेशिअम म्हणजे सगळी एकाच घरातली भावंडं, फक्त वजनं निराळी! एकशे पंचाहत्तर गुणी आहे, जन्मात हलत नाही. एकशे शहात्तर हलतं, पण इतकं सावकाश की पृथ्वीचं वय त्याला पुरत नाही. माझ्या अंगात आहे ते एकशे सत्त्याहत्तर, अणुभट्टीतलं! त्याला धीर म्हणून नाही. आठवडाभरात त्यातलं निम्मं किरण टाकतं, हाफ्निअम होतं आणि गप्प बसतं. उरलेल्यातलं निम्मं पुढच्या आठवड्यात!"

शिवाजी पार्कवरून फिरून परतणारी निवृत्त मंडळी फाटकापाशी थांबली होती. त्यातल्या एकाने हाफ्निअमचा नंबर विचारला. "बहात्तर," मी ओरडले.

"मग संपणार कधी?" वन्संनी विचारलं.

"संपत नाही! निम्म्याचं निम्मं होत जातं!"

"मग हा कसला विटाळ?" वन्सं म्हणाल्या. "विटाळाला शेवट असतो!"

सगळं कंपाउंड हसलं. लेक तर टॅक्सीला टेकून डोळे पुसत हसत होती. हसता हसता ती थांबली. एक हात टॅक्सीच्या टपावर आणि दुसरा पोटाखाली. तो चेहरा मला वरूनसुद्धा कळला.

मी जिन्याकडे धावले. हे दारात दोन्ही हात पसरून उभे होते. बाजूला झाले नाहीत. मी परत गॅलरीत आले. वन्संनी तोवर पोरीला आत बसवून ड्रायव्हरला नर्सिंग होमचा पत्ता सांगितला होता. लेकीने खिडकीतून वर पाहिलं. "आई, तू तिथेच थांब हं. मी ठीक आहे." टॅक्सी वळली. मला ल्युटेशिअमचा राग आला, वन्संचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या अंगाचा आला. मी कठड्याला धरून रडले आणि खालच्या मंडळींनी शहाण्यासारखं दुसरीकडे पाहिलं.

दुपारी मुलगी झाली. दिवसांच्या आधी आली, पण ठणठणीत. फोन वन्संचाच. "नाक आपल्याकडचं आहे," त्या म्हणाल्या. मग रोज व्हिडिओ कॉल. वन्सं पाय पसरून त्यावर बाळाला न्हाऊ घालायच्या, मी इकडून मान धरा, पाणी बघा म्हणायचे, आणि मी तिसऱ्यांदा बोलले की त्या फोन भिंतीकडे वळवायच्या.

बारसं बाराव्या दिवशी, गिरगावात. तोवर माझे दोन आठवडे उलटले होते, तरी मी आदल्या दिवशी परळला गेले. त्यांनी मीटर माझ्या छातीसमोर धरला, मग पोटासमोर. "जा बाई, नातीला घ्या," डॉक्टर म्हणाली. मी विचारलं, "शून्य आहे का?" ती हसली. "शून्य नाही. पण आता काळजी करण्यासारखं काही नाही. बिनधास्त घ्या."

बारशाला पाळणा मोगऱ्याने सजवला होता. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटल्या गेल्या, बाळ एकीच्या मांडीवरून दुसरीच्या मांडीवर फिरलं. मी दाराजवळच्या खुर्चीत बसून होते. इतके दिवस ज्या एका गोष्टीसाठी तडफडत होते ती चार पावलांवर होती आणि माझे हात मांडीवरून हलेनात. लेक उठली, बाळाला घेऊन आली. मी म्हटलं, "राहू दे गं. अजून आठवडाभर थांबते."

लेकीचे डोळे भरले. "आई, डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

"सांगितलंय. पण थोडं आहे अजून." मला माहीत होतं ते खरं होतं. थोडं असणारच होतं, पुढच्या आठवड्यात आणखी थोडं, त्याच्या पुढच्यात त्याहून थोडं. माझ्याइतकं हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं आणि त्या ज्ञानाचा मला काडीचा उपयोग होत नव्हता.

वन्सं स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. त्यांनी लेकीच्या हातातून बाळ घेतलं आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "वहिनी, निम्म्याचं निम्मं करत बसलीस तर ही पोर तुझ्या मांडीवर मावायची नाही. धर."

त्यांनी बाळ ठेवलंच. मला हात पुढे करावेच लागले. केवढीशी ती, पण काय ऊब! नाक वन्संचंच आहे, मान्य करते. तिने जांभई दिली, माझ्या पदराची कड मुठीत घेतली आणि झोपून गेली. मी वाकून तिच्या टाळूचा वास घेतला.

पुढचा डोस दीड महिन्यावर आला आहे, मी सगळ्यांना बजावलं, तोवर मी हिला खाली ठेवणार नाही.

"दूध प्यायला तरी आईकडे देशील की नाही?" वन्सं म्हणाल्या आणि अळिवाचा लाडू माझ्या तोंडात कोंबला, कारण माझे दोन्ही हात अडकलेले होते.