घड्याळाचा चारा
आज मनगटी घड्याळाचा रबरी पट्टा बदलला, आणि जुन्या पट्ट्यात मुरलेला तिळाच्या तेलाचा वास नाकाशी आला. पाणबुडे वापरतात तसलं, पण खिशाला परवडणारं ते घड्याळ मी दुष्काळी माण तालुक्यात, दहिवडीला वडलांसाठी नेलं होतं. त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलेलं. डॉक्टरांनी हात हलवायला सांगितलं, तरी ते भिंतीकडं तोंड करून पडून राहत. "माणात पाणबुड्याचं घड्याळ व्हय रं? बुडायला पाणी कुठाय?" एवढं मात्र हसून म्हणाले. मी ते रोज तिळाचं तेल चोळत असू त्या त्यांच्या डाव्या मनगटावर बांधलं, आणि दोन दिवसांत ते बंद पडलं. "आबा, याला सेल नसतो. हात हलला तरच चालतं." "म्हंजी माझ्यापाशी उपाशी ऱ्हायलं की रं," ते कळवळले. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. आपल्या राखणीतलं काही उपाशी राहिलेलं त्यांना सोसायचं नाही. तेव्हापासून उजव्या हातानं डावा हात उचलून ते झुलवत बसायचे. कुणी विचारलंच तर सांगायचे, "चारा घालतोय घड्याळाला." दोनेक महिन्यांनी सकाळी चहा देताना मी विचारलं, "आबा, चारा झाला का?" त्यांनी उजवा हात मुद्दाम मांडीखाली दाबला, आणि डावा थरथरत चादरीवरून चार बोटं वर आला. मी चहाची बशी त्यांच्या डाव्या हाताशी सरकवली. आबांच्या मागं ते घड्याळ माझ्याकडं आलं. मागच्या आठवड्यात मी तापानं अंथरुणाला खिळलो होतो, तेव्हा बायकोनं घड्याळ बांधलेला माझा डावा हात हळूच उचलून झुलवला. म्हणाली, "पडा तुम्ही. चारा मी घालते."