खात्याच्या नावाची बारी

"नाव घेतल्याबिगर बारी सुटायची न्हाई," असं धर्माजी कायम म्हणायचा. बैलगाडा शर्यतीच्या चढाला घाट म्हणतात; तिथं बारी म्हणजे एका गाड्याची एक धाव. गाडा कुणाचा, गाव कोणतं, हे माइकवरून सगळ्या घाटाला ऐकू गेल्याशिवाय तो निशाण पडू द्यायचा नाही. घरीही तीच सवय. दूध उतू गेलं असं कुणी म्हटलं की हा ओट्यावरून विचारी, "कुणाच्या हातनं? नाव घ्या."

आण्याच्या पठारापासून मंचरपर्यंत यात्रा कुठलीही असो, माइक धर्माजीच्या हातात. त्याच्या दावणीला एक म्हैस तेवढी, बैल कधीच नव्हता. पण त्याने तोंड उघडलं की चढाला लागलेले दमलेले बैलही मान वर काढायचे. आणि हसवायचा तर लई. घाटाच्या मधोमध मोबाइलवर बोलत उभ्या राहिलेल्या पुढाऱ्याला म्हणायचा, "पावणं, बाजूला व्हा. बैल मत द्यायला थांबत न्हाईत."

धर्माजीची वस्ती आणि गाव यांच्या मधे ओढा आहे. त्यावर पायी जाण्यापुरता पूल, म्हणजे साकव, मंजूर झाला. दोन खांब उभे राहिले, काम पूर्ण झाल्याची पाटी लागली आणि ठेकेदार निघून गेला. खांबांवर बगळे बसू लागले. त्याच ओढ्यात धर्माजीची चुलती ठकूबाई दगडावरून घसरली आणि तिचं कंबरेचं हाड मोडलं. आई गेल्यावर धर्माजीला वाढवलं ते याच बाईने.

त्यानंतरच्या यात्रेत बाऱ्या रंगात आल्या असताना त्याने पुकारलं, "आता येतोय सरकारी खात्याचा गाडा! चाक न्हाई, बैल न्हाई, पुढं पळणारी घोडी न्हाई, पण पाटी बघा राव, पयला नंबर!" घाट हसून लोळला. त्याचा व्हिडिओ दोन्ही तालुक्यांत फिरला.

पण लोक हसले म्हणून स्लॅब पडत नाही. धर्माजीने ठकूबाईला रिक्षात घातलं आणि जुन्नरला आबेदा वकिलीणबाईंकडे नेलं. गावात कुणी म्हणालं, "सरकारशी कोर्टात भांडतो का, येड्या?"

"शर्यतीवरची बंदी कुठनं उठली? कोर्टातनंच ना? बैलांसाठी गेलो तवा शहाणे, आन् चुलतीसाठी गेलो की येडा?"

आबेदाताईंनी दाव्यात खात्याबरोबर, काम पूर्ण म्हणून सही करणाऱ्या साहेबांचंही नाव घातलं. धर्माजी खूश झाला. "झालं. नाव घेतलं. आता बारी सुटंल."

खात्याने कोर्टात जबाब दिला: साकव पूर्ण आहे, वापरात आहे, बाई आपल्या चुकीने पडली. वर साहेबांचा निरोप आला की धर्माजीवर बदनामीची तक्रार करू.

मग यात्रा कमिटीचे सयाजीअण्णा ओट्यावर येऊन बसले. चहा घेतला, बशी बाजूला सारली. "धर्माजी, यंदा साहेब पावणं म्हणून येत्यात. माइकवरनं माफी माग, दावा काढून घे. न्हाईतर माइक दुसऱ्याला द्यावा लागंल. परवानग्यांसाठी आपल्याला त्याच लोकांच्या दारात जायचं असतंय."

माइक गेल्यावर धर्माजीत काय उरणार, हे अण्णांना ठाऊक होतं. धर्माजीलाही होतं. ते गेल्यावर त्याने आतल्या खाटेकडे बघून विचारलं, "काकी, मागू का माफी?"

"माग की," ठकूबाई म्हणाली. "पर कशाची, त्याचं नाव घेऊन माग."

यात्रेला साहेब आले. फेटा बांधला, शाल पडली. घाट गच्च भरला होता, यूट्यूबवर थेट दाखवत होते. धर्माजी उभा राहिला.

"मंडळी, मी साहेबांच्या पुलाला हसलो. पूल तिथं आसंल तर माझं चुकलं. ओढा हितनं हाकेवर हाय. साहेबांनी एकदा पुलावरनं चालून दावावं. पाय कोरडा ऱ्हायला तर मी ह्याच मातीत नाक घासतो."

एवढं बोलून त्याने दोन्ही हातांनी माइक साहेबांपुढे धरला. फेटा बांधलेल्या पाहुण्याने दोन शब्द बोलायचेच, असा आमच्या घाटाचा रिवाज. असा पुढे आलेला माइक आजवर कुणी नाकारला नाही. साहेबांनीही घेतला. समोर एवढी माणसं बघून चेहरा खुलला.

"अहो, चालून कसं दाखवू? स्लॅब अजून पडायचाय! पुढच्या वर्षी नक्की करू. जरा धीर धरा."

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. मंडपातून आबेदाताई उठल्या. "साहेब, हेच कोर्टात येऊन सांगा. तिथं तुम्ही पूल पूर्ण झाला म्हणून सांगितलंय." मग जो हशा उठला, तो पाटीच्या दिवशीच्या हशासारखा नव्हता. त्याला धार होती. साहेब शाल सावरत गाडीकडे गेले.

सयाजीअण्णांचा चेहरा उतरला. "धर्माजी, माइक खाली ठेव."

"ठेवतो, अण्णा." त्याने माइक उपरण्याने पुसला आणि टेबलावर ठेवला. "दावा मातुर खाली ठेवत न्हाई. तारखेला बोलायला माइक लागत न्हाई."

तो मंचावरून उतरला तो थेट घाटात. आयुष्यभर 'घाट मोकळा करा' म्हणून ओरडलेला माणूस मधोमध, सावकाश, उतारानं खाली निघाला. खाली गाडा जुंपलेला होता. तो त्याला वळसा घालून पुढे गेला, तशी अण्णांनी माइकवर घाई केली, "सोडा, सोडा!"

निशाणवाल्या भरतने निशाण वरच धरलं, पडू दिलं नाही. गाडामालक बैलाच्या वेसणीला धरून ओरडला, "आधी नाव घ्या!"

घाटाच्या कडेला, उचलून आणलेल्या खुर्चीत ठकूबाई बसली होती. मान वळवून ती धर्माजीकडे बघत होती. तो ओढ्यात उतरला, दोन खांबांमधून पाणी तुडवत पलीकडे गेला, बाभळींआड दिसेनासा झाला, तरी ती तिकडेच बघत होती.