मोठीमायच्या बाटल्या

मोठीमायकडे कुणी पहिल्यांदा गेलं, की पाणी द्यायच्या आधी ती त्याला खिडकीतल्या फळीवरच्या बाटल्या दाखवायची. सरबताच्या, एकाच मापाच्या, प्रत्येकीच्या तळाशी थोडा तांदूळ. पाहुण्याला वाटे, विकायचे नमुने असतील. माझ्या या थोरल्या काकूची आमगावात छोटी राईस मिल होती आणि एकेक बाटली म्हणजे मिलचं एकेक साल होतं.

पद्धत तिची स्वतःची. दिवाळीनंतर एक बाटली तांदळानं काठोकाठ भरून सुपात ओतायची. ती बाटली म्हणजे सालभराची विक्री. तिच्यात शंभर झाकणं तांदूळ मावे. विक्रीच्या शंभर रुपयांतले जितके धानाच्या, म्हणजे सालीसकट तांदळाच्या, खरेदीला गेले तितकी झाकणं बाजूला, मग हमालीची, बारदान्याची म्हणजे पोत्यांची, विजेची. उरलेला तांदूळ बाटलीत परत. व्याज आणि घरखर्च त्यातूनच निघायचा. मी गोंदियात अकाउंट्सचं काम करते. आम्ही याला ढोबळ नफ्याचा टक्का म्हणतो. यंदा विक्री वाढली असं कुणी कौतुकानं सांगितलं, तर ती म्हणे, ‘रुपया दरसाली फुगते. बाटली फुगत नाही. तिले पाहा.’

मोठेबाबा, म्हणजे तिचे यजमान, जिवंत होते तोवर तिनं त्यांना कधी चांगलं म्हटल्याचं मला आठवत नाही. ते गेल्यावर मात्र त्यांच्या बाटल्या रोज पदरानं पुसायची. त्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत भरलेल्या. त्यांच्यामागे मिल त्यांच्या मुलानं, दिनेशदादानं घेतली आणि पुढच्या बाटल्या पाचव्या हिश्श्यावर आल्या. दादा बिचारा दिवसभर कोंड्यात माखलेला असे. जेवायला बसला की समोर ती फळी.

एकदा तिनं मला मुद्दाम बोलावून घेतलं. मिल भाड्यानं द्यायची आणि दादानं कुठंतरी नोकरी धरायची, असं तिनं ठरवून टाकलं होतं. ‘बाटल्या खाली येऊन राहिल्या, तुले दिसून नाही राहिलं का? त्याच्या बापाले जमे, याले नाही जमत.’ दादा दारात उभा होता.

मी मोठेबाबांच्या वेळचा हिशेब विचारत गेले. धानाची इतकी कमी झाकणं कशी? ती म्हणाली, ‘अर्धा धान तं घरच्या वावरातला राहे. घरच्या धानाले कायचे पैसे?’

तिथंच सगळं होतं. मोठेबाबा गेले त्याच वर्षी वाटणी झाली, निम्मं वावर माझ्या बाबांकडे आलं आणि दादाला तो धान बाजारातून घ्यावा लागला. मी म्हटलं, ‘मोठीमाय, तो धान बाजारात नेला असता तर पैसे आलेच असते ना? ती कमाई वावराची होती, मिलची नाही. दोघांच्याही घरच्या धानाला भाव धर, एकच माप लाव.’

मला वाटलं, आता चिडणार. पण ती उठली, आधी दादाच्या, मग मोठेबाबांच्या बाटल्या एकेक करून खाली काढल्या, घरच्या धानाला त्या-त्या सालचा बाजारभाव मला लावायला सांगितला आणि स्वतःच्या हातानं तांदूळ काढत गेली. प्रत्येक बाटली उतरली, मोठेबाबांच्या जास्तच. त्यांच्या शेवटच्या बाटलीतला तांदूळ काढताना तिचे डोळे भरून आले. ‘एवढे तुमचे नव्हते जी,’ ती त्या बाटलीला म्हणाली. ‘वावराचे होते.’

फळीवर परत मांडल्या तेव्हा बापाच्या आणि लेकाच्या बाटल्या जवळजवळ एका रेषेत होत्या. काढलेला तांदूळ तिनं निवडला, शिजवला आणि दादाला वाढला. ‘जुना तांदूळ हाय. खाय पोटभर,’ एवढंच म्हणाली. मिल भाड्यानं द्यायची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

मोठीमाय जाऊन आता दोन दिवाळ्या झाल्या. दादा दर दिवाळीनंतर बाटली भरतो आणि घरच्या धानाचे पैसे आधी धरतो. यंदाची बाटली थोडी वर आली. फळीवर ठेवून तो तिथंच उभा राहिला, कुणीतरी काही म्हणेल म्हणून.