लाइफ टेबल आणि आईचं वय

सांगलीच्या कॉलेजात माझा मुख्य विषय गणित. संख्याशास्त्र जोडीला घेतलेला दुय्यम विषय. त्यात मार्क भराभर पडतात असं कुणीतरी सांगितलं आणि मी भुललो. त्याच वर्षी लाइफ टेबल शिकायला आलं. लाख बाळं एकदम जन्मली असं धरायचं आणि कितव्या वर्षी त्यातली किती उरली आणि त्यांचं सरासरी किती आयुष्य बाकी ते ओळीनं मांडायचं. सर फळ्यावर लाखापासून खाली खाली येत आणि वर्ग जांभया देई.

मला जांभई येत नव्हती. आई मिरजेच्या दवाखान्यात होती. पोटात गाठ, ऑपरेशन ठरलेलं. वडील फौजेत, सरहद्दीवर. तार केली होती, पण ते पोचले नव्हते. मी रोज डबा पोचवून यायचो आणि टेबलात आईचं वय शोधायचो. पण वय कुठलं? विचारलं तर म्हणाली, "पत्री सरकार आलं तवा मी परकर नेसत हुते. त्येवरनं काढ की."

काढलं. पण परकर सहाव्या वर्षीही नेसतात आणि तेराव्याही. कधी छत्तीस यायचं, कधी त्रेचाळीस. एकेक ओळ खाली सरकलं की उरलेलं आयुष्य कमी व्हायचं, म्हणून मी वरचीच ओळ धरून बसायचो. हे टेबल लाखांसाठी असतं, एकट्या माणसाला लावायचं नसतं, असं सर बजावायचे. पटायचंही. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस.

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टरनं आईचं वय विचारलं. माझ्या तोंडून निघालं, "तीस."

तिनं मान वर केली. "आणि तुमचं?"

"एकोणीस."

ती हसली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं आईकडं बघून अंदाजानं काहीतरी लिहिलं आणि स्ट्रेचर आत नेलं. दार लागलं आणि मनात आलं. भूल वय बघून देत असतील तर? मी दारावर थापा मारायला लागलो. "वय खोटं सांगितलंय मी! आवं, ऐका की!"

आयाबाईंनी दंडाला धरून मला बाकावर बसवलं. "गप बसा. हितं कुनाचंच वय खरं नसतंय."

दुपारी डॉक्टर बाहेर आले. "गाठ निघाली. आई ठीक आहे," म्हणाले. मी मान डोलावली, पण विश्वास बसला नाही. आत गेलो तर ती गुंगीत होती. तिच्या नाकापुढं बोटं धरली. श्वास बोटांना लागला, चांगला ऊन. तरी हात मागं घेववेना. घेतला आणि नेमका तेव्हाच श्वास थांबला तर?