बेअरिंग, पंखा आणि उलटी ड्युटी

"मॅडम, बाहेरच्या बेअरिंगवर ड्युटी बसवा. नाही बसली तर मी कारखान्याला कुलूप लावतो." रेड्डीगारू हे अगदी शांतपणे म्हणाले. त्यामुळे मला जास्तच काळजी वाटली.

मी कॉस्ट अकाउंटंट. आयात-निर्यातीच्या करांचं काम बघते. तेव्हा आमचं ऑफिस हैदराबादेत काचीगुड्याला, रेल्वे स्टेशनजवळ एका जुन्या इमारतीत होतं. गाडी आली की बोलणं थांबवायचं, गाडी गेली की पुढचं वाक्य. क्लायंटनाही ती सवय झाली होती.

रेड्डीगारू (तेलुगूत गारू म्हणजे आपलं साहेब) छोटी बेअरिंग बनवायचे, पंख्यात बसतात ती. बाहेरून स्वस्त माल यायला लागला आणि त्यांची गिऱ्हाइकं तुटली. त्यांना अँटी-डम्पिंग ड्युटी हवी होती. म्हणजे असं, की परदेशी कंपनी स्वतःच्या देशातल्या भावापेक्षा कमी भावात इथे माल ओतते आहे हे सिद्ध केलं, तर सरकार त्या मालावर जादा कर लावू शकतं.

अडचण वेगळीच होती. तीच स्वस्त बेअरिंग वापरून अंबरपेठचे अन्वरभाई टेबल फॅन बनवायचे आणि आफ्रिकेत पाठवायचे. तेही आमचेच क्लायंट, आणि रेड्डीगारूंचे जुने दोस्त. पूर्वी त्यांची बेअरिंग रेड्डीगारूंकडूनच यायची.

मी देशपांडेसरांच्या केबिनमध्ये गेले. सर म्हणजे आमच्या फर्मचे मालक. घरी मराठी, बाहेर उर्दू आणि चिडले की तेलुगू.

"सर, एकाचं काम केलं तर दुसरा मरतो."

"मग दोघांना एकत्र बसव. रेड्डींना आधी विचार. ते हो म्हणाले तरच."

रेड्डीगारू म्हणाले, "बोलवा. पाठीमागून करणं मलाही बरं वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी अन्वरभाई आले. विषय कळल्यावर त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. "क्या जी रेड्डीसाब, तुम्हारी फॅक्टरी बचाने मेरी बंद कराते क्या?"

"आणि माझी बंद पडायला आली ती कुणामुळे? तुम्हीच बाहेरचा माल घेतलात ना?"

"नक्को घेऊ तो क्या करूँ? मेरा पंखा महाग झाला की आफ्रिकेतला माणूस दुसऱ्या देशाचा घेतो. मेरे यहाँ औरतें मोटर की वाइंडिंग करती हैं, उनको क्या बोलूँ?"

आवाज चढले. सर मध्ये पडले नाहीत. मला वाटलं, आता दोन्ही क्लायंट गेले. तेवढ्यात रेड्डीगारू तावातावाने म्हणाले, "महाग, महाग काय करता? मला लागतं ते पोलाद इथे मिळत नाही. मी बाहेरून आणतो, त्यावर तुमच्या बेअरिंगपेक्षा जास्त ड्युटी भरतो. मी रडलो का कधी?"

मी पेन खाली ठेवलं. "गारू, पोलादावर जास्त आणि तयार बेअरिंगवर कमी?"

"हां."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाही. मी ड्युटी वाढवायला आलो होतो, कमी करायला नाही."

याला आमच्या धंद्यात इन्व्हर्टेड ड्युटी म्हणतात. उलटी ड्युटी. कच्च्या मालावर कर जास्त आणि पक्क्या मालावर कमी, म्हणजे इथे बनवण्यापेक्षा बाहेरून तयार आणणं परवडतं. त्यात डम्पिंगचा आमचा पुरावा तसाही लंगडा होता. मी म्हटलं, बेअरिंगवरचा कर वाढवून मागायचा नाही. पोलादावरचा कमी करून मागायचा. आणि अर्जावर दोघांनी सही करायची.

अन्वरभाईंनी बाजूला सारलेला कप पुन्हा पुढे ओढला. "हौ," ते म्हणाले, "पर बेअरिंग आवाज करना नक्को."

दिल्लीला रेड्डीगारू, अन्वरभाई आणि मी असे तिघं गेलो. अर्थखात्यातल्या अधिकारी बाईंनी अर्ज उलटून पाहिला. "माल विकणारा आणि घेणारा एकत्र? इथे सहसा एकमेकांविरुद्ध येतात." निर्णय बजेटमध्येच कळेल, म्हणाल्या. पुढच्या बजेटपर्यंत रेड्डीगारूंनी एक मशीन विकलं, पण कुलूप लावलं नाही.

बजेटमध्ये पोलादावरची ड्युटी उतरली. मागितली होती तितकी नाही. रेड्डीगारूंचा माल बाहेरच्यापेक्षा किंचित महागच राहिला. तरी अन्वरभाईंनी ऑर्डर दिली. पहिला लॉट आवाज करतो म्हणून परत पाठवला, दुसरा ठेवून घेतला. आज दोन्ही कारखाने चालू आहेत. भांडणंही.

सर आता मुलीकडे पुण्याला असतात. आमचं ऑफिस गच्चीबावलीला, काचेच्या इमारतीत. बहुतेक मीटिंगा स्क्रीनवर होतात. समोरच्याने आवाज चढवला की कुणीतरी त्याला म्यूट करतं. रेड्डीगारूंना तेव्हा म्यूट केलं असतं, तर पोलादाचं कळलंच नसतं.

ड्युटी वाढवून द्या म्हणणारे अजून येतात. मी त्यांना चहा देते आणि आधी विचारते, तुमचा कच्चा माल कुठून येतो? निम्मे लोक तिथेच चिडतात. मी त्यांना चिडू देते.